तीन अन्याय, एकच मोर्चा : बर्लिन आफ्रिकेच्या बळींची आठवण कशी ठेवतं

दर वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस, शनिवारी, बर्लिनच्या विल्हेल्मश्ट्रास या रस्त्यावर ९२ क्रमांकाच्या इमारतीसमोर लोक जमतात आणि तिथून मोर्चा निघतो. इमारत नजरेत भरण्यासारखी नाही. पूर्व जर्मनीच्या शेवटच्या वर्षांत काँक्रीटचे तयार भाग जोडून जी राहती घरं उभारली, त्यांतलीच ती एक. समोर फुटपाथवर माहितीफलक आहे. तो वाचला नाही तर कळतही नाही की १८८४ साली इथे जर्मन चॅन्सेलर बिस्मार्कचा सरकारी वाडा होता, आणि आफ्रिका खंड आपापसात कोणत्या नियमांनी वाटून घ्यायचा हे त्या वाड्यात ठरलं.

मोर्चा कुणाच्या स्मरणार्थ? गुलामांच्या व्यापारात आणि गुलामगिरीत मेलेल्यांच्या, वसाहतींच्या राजवटीत मारले गेलेल्यांच्या, आणि आपल्या काळात केवळ कातडीच्या रंगापायी जिवानिशी गेलेल्या आफ्रिकन माणसांच्या. ऐकणाऱ्याला हे मोघम वाटू शकतं. सतराव्या शतकात जहाजाच्या तळघरात दगावलेली मुलगी आणि १९९० साली जर्मनीतल्या एका शहरात जमावाने मारलेला तरुण, या दोघांना एकाच वेळी आदरांजली का वाहायची? माझं मत नेमकं उलट आहे. हे तीन विषय वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले की तिन्ही अर्धवट कळतात. जर्मनीचं उदाहरण घेऊन ते उलगडून पाहू. वसाहतवाद म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इंग्रज आणि पोर्तुगीज येतात, जर्मन येत नाहीत. खुद्द जर्मनांनाही आपली ही बाजू कितीतरी वर्षं आठवत नव्हती.

जहाजांपासून सुरुवात

अटलांटिक समुद्रातून चाललेला गुलामांचा व्यापार साधारण १५०१ ते १८६६ असा साडेतीन शतकं टिकला. जहाजांच्या नोंदी जुळवून इतिहासकारांनी जो अंदाज बांधला आहे, त्यानुसार सुमारे सव्वा कोटी माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत चढवली गेली आणि पलीकडे जिवंत उतरली ती सुमारे एक कोटी सात लाख. मधला फरक अठरा लाखांच्या घरात जातो. एवढी माणसं समुद्रातच गेली. पकडून किनाऱ्याकडे चालवत नेताना किंवा किल्ल्यांच्या कोठड्यांत वाट पाहताना जे मेले, ते या हिशेबात धरलेले नाहीत.

या धंद्यात पोर्तुगीज, इंग्रज, फ्रेंच आणि डच पुढे होते हे सर्वांना माहीत आहे. पण बर्लिन ज्याची राजधानी होतं, त्या ब्रांडेनबुर्ग या जर्मन राज्याच्या शासकानेही १६८२ साली आफ्रिकेशी व्यापार करणारी कंपनी काढली. पुढच्याच वर्षी आजच्या घानाच्या किनाऱ्यावर ग्रोस फ्रीडरिक्सबुर्ग नावाचा किल्ला बांधला. त्या किल्ल्यातून हजारो माणसं कॅरिबियन बेटांवर विकली गेली. विकण्याआधी त्यांच्या अंगावर कंपनीच्या नावाची आद्याक्षरं तापल्या लोखंडाने डागली जात. कंपनी फार फायद्यात चालली नाही म्हणून १७१७ साली सगळा पसारा डचांना विकून टाकला. व्यवहार बंद पडला तो तोट्यामुळे, दयेमुळे नाही.

हा किल्ला बांधणाऱ्या मोहिमेचा म्होरक्या फोन डेअर ग्र्यॉबेन. त्याचं नाव १८९५ साली बर्लिनमध्ये स्प्रे नदीच्या काठावरच्या एका रस्त्याला देण्यात आलं. म्हणजे त्याच्या हयातीनंतर दीडशेहून जास्त वर्षांनी. हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण तोवर जर्मनीला आफ्रिकेत वसाहती मिळाल्या होत्या आणि 'आपण तिथे पहिल्यापासून होतो' असं सांगायला एक पूर्वज हवा होता. रस्त्याचं नाव देणं हेसुद्धा एक प्रकारचं स्मारकच. प्रश्न इतकाच की कुणाचं.

परिषदेत नक्की काय झालं

१५ नोव्हेंबर १८८४ ते २६ फेब्रुवारी १८८५ या काळात बिस्मार्कच्या वाड्यात चौदा देशांचे प्रतिनिधी बसले; हीच बर्लिन परिषद. युरोपातले जवळपास सगळे महत्त्वाचे देश, शिवाय ऑटोमन साम्राज्य आणि अमेरिका. भिंतीवर आफ्रिकेचा भलामोठा नकाशा टांगलेला होता. आफ्रिकेतलं एकही माणूस बोलावलेलं नव्हतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लोकांना वाटतं, त्या टेबलावर पट्टी-पेन्सिल घेऊन आफ्रिकेच्या सीमा आखल्या गेल्या. तसं झालं नाही. बहुतेक सीमा पुढच्या पंधरा-वीस वर्षांत दोन-दोन देशांच्या आपसातल्या करारांतून ठरल्या. परिषदेने जे केलं ते याहून खोल परिणाम करणारं होतं : तिने खेळाचे नियम ठरवले. किनाऱ्यावरच्या नव्या प्रदेशावर हक्क सांगायचा तर बाकीच्या सह्या करणाऱ्या देशांना कळवायचं आणि तिथे प्रत्यक्ष अंमल बसवून दाखवायचा. कागदावरचा दावा पुरणार नाही, बंदूक घेऊन आत शिरावं लागेल, असा त्याचा सरळ अर्थ. शिवाय परिषदेच्या काळातच बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याने पुढे केलेल्या संस्थेला काँगोच्या खोऱ्यावर मान्यता मिळाली. तो सगळा प्रदेश १९०८ पर्यंत एका माणसाची खासगी जहागीर म्हणून चालला. रबराचा ठरवून दिलेला वाटा भरला नाही म्हणून गावंच्या गावं जाळली गेली, माणसांचे हात तोडले गेले.

आता खरा मुद्दा. परिषदेच्या करारातल्या सहाव्या कलमात सह्या करणाऱ्यांनी शब्द दिला होता की आम्ही स्थानिक लोकांची नैतिक आणि ऐहिक स्थिती सुधारू आणि गुलामगिरी, विशेषतः गुलामांचा व्यापार, मोडून काढायला मदत करू. ज्या देशांनी तीन शतकं माणसं विकली, तेच आता 'गुलामगिरी थांबवायला आम्ही येतोय' असं म्हणत आफ्रिकेत शिरले. गुलामांचा व्यापार आणि वसाहतवाद यांना जोडणारा सांधा तो हाच. माणूस विकायला काढायचा तर तो आपल्याहून हलका आहे असं आधी स्वतःला पटवावं लागतं. व्यापार बंद झाला तरी ते पटवलेलं मनातून गेलं नाही. पूर्वी त्यातून 'हा विकण्याजोगा आहे' असा निष्कर्ष निघे, आता 'याला स्वतःचं राज्य चालवता येणार नाही' असा निघू लागला. आणि सक्तीचं काम, फटके, उपाशी ठेवणं हे सगळं नव्या नावाने चालू राहिलं.

मैलाची लबाडी आणि वाळवंट

जर्मनीच्या ताब्यात टोगो, कॅमेरून, आजचा नामिबिया आणि पूर्व आफ्रिकेतला आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, रुआंडा, बुरुंडी असा मोठा प्रदेश आला. पहिल्या महायुद्धात तो सगळा गेला. कालावधी जेमतेम तीस वर्षांचा. 'आमचं असं कितीसं होतं' हे जर्मनीत वारंवार ऐकू येतं ते या तीस वर्षांच्या जोरावर. त्या तीस वर्षांत काय झालं, ते नामिबियात पाहू.

१८८३ साली ब्रेमेनचा तंबाखूचा व्यापारी आडोल्फ ल्यूडेरिट्झ याने नामा समाजाचे प्रमुख जोसेफ फ्रेडरिक्स यांच्याकडून किनाऱ्याची पट्टी विकत घेतली. करारात पट्टीची रुंदी मैलांत लिहिली होती, वीस मैल. नामा लोकांना ठाऊक असलेला मैल इंग्रजी, म्हणजे दीड किलोमीटरहून थोडा जास्त. ल्यूडेरिट्झने धरला तो जर्मन भौगोलिक मैल, जवळपास साडेसात किलोमीटरचा. विकणाऱ्याच्या समजुतीप्रमाणे सुमारे बत्तीस किलोमीटरची पट्टी द्यायची होती, घेणाऱ्याने दीडशेच्या आसपास मोजून घेतली. जमीन घेताना मोजणीत केलेली लबाडी आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

पुढच्या वीस वर्षांत जर्मन वसाहतदार वाढले आणि हेरेरो समाजाची जमीन, गुरं, पाणवठे त्यांच्या हातात जाऊ लागले. हेरेरो म्हणजे गुरं राखणारा समाज. गुरं गेली की लग्नं, देणीघेणी, पूर्वजांशी असलेलं नातं, सगळंच तुटतं. जानेवारी १९०४ मध्ये सॅम्युएल माहारेरो यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी उठाव केला. शंभरावर जर्मन मारले गेले. बर्लिनहून जनरल लोथार फोन ट्रोथा याला पाठवण्यात आलं.

११ ऑगस्ट १९०४ रोजी वॉटरबर्गच्या डोंगराजवळ लढाई झाली. बायका-मुलं आणि गुरांसह सगळा समाज तिथे गोळा झाला होता. हेरेरो फळी फोडून पूर्वेला ओमाहेके वाळवंटाकडे निसटले. ट्रोथाने तिकडून परतीच्या वाटा रोखल्या आणि पाण्याच्या जागांवर पहारे बसवले. २ ऑक्टोबरला त्याने हुकूम काढला : जर्मन हद्दीतला प्रत्येक हेरेरो, हातात बंदूक असो वा नसो, गोळी घातला जाईल. बायका-मुलांनाही आसरा मिळणार नाही, त्यांना परत हाकललं जाईल. परत म्हणजे त्याच बिनपाण्याच्या वाळवंटात. नंतर जर्मन सैनिकांनाच तिथे माणसांनी पाण्यासाठी खणलेले खोल खड्डे आणि त्यांच्याभोवती पडलेले सांगाडे दिसले.

डिसेंबरात बर्लिनने हुकूम मागे घ्यायला लावला, पण उरलेल्यांसाठी छळछावण्या उघडल्या. तोवर दक्षिणेत नामा समाजही उठला होता. त्यांनाही छावण्यांत कोंडलं. सर्वांत वाईट छावणी ल्यूडेरिट्झच्याच नावाच्या गावाजवळ, शार्क बेटावर. अंगावर धड कपडे नाहीत, समोर अटलांटिकचा गार वारा, आणि बंदर-रेल्वेचं मजुरीचं काम. नामांचे नेते कॉर्नेलियस फ्रेडरिक्स १९०७ साली तिथेच मेले. युद्धाआधी हेरेरो अंदाजे ऐंशी हजार होते, नंतरच्या मोजणीत पंधरा हजारांच्या आसपास उरले. वीस हजार नामांपैकी निम्मे गेले. विसाव्या शतकातला पहिला नरसंहार म्हणून इतिहासकार याच घटनेकडे बोट दाखवतात.

छावण्यांत मेलेल्यांच्या कवट्या जर्मनीला पाठवण्यात आल्या. त्या पाठवण्याआधी साफ कराव्या लागत. हे काम कैदेतल्या हेरेरो बायकांना लावलं जाई, काचेच्या तुकड्याने मांस खरवडून काढायचं. आपल्याच माणसांचं. बर्लिनला त्या कवट्या मोजून 'वंशांची उतरंड' सिद्ध करण्याचा उद्योग चाले. शास्त्राच्या नावाखाली चाललेला हा प्रकार पुढे नाझींच्या वंशविज्ञानापर्यंत गेला. दोन्हीकडची काही माणसंही तीच होती.

त्याच सुमारास, १९०५ ते १९०७, पूर्व आफ्रिकेत 'माजी-माजी' नावाने ओळखला जाणारा उठाव झाला. कापूस पिकवण्याच्या सक्तीविरुद्ध वीसेक समाज एकत्र आले होते. जर्मन फौजेने शेतं आणि धान्याची कोठारं जाळली. गोळीने मेले त्याहून कितीतरी जास्त भुकेने मेले. मृतांचा आकडा तीन लाखांपर्यंत सांगितला जातो. टांझानियात सोंगेआ गावी २७ फेब्रुवारी १९०६ रोजी सदुसष्ट जणांना फासावर चढवलं, आणि तिथे आजही फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांचा स्मरणदिन पाळतात. जर्मनीचे अध्यक्ष श्टाइनमायर तिथे १ नोव्हेंबर २०२३ रोजी गेले आणि त्यांनी क्षमा मागितली. मधे एकशे सतरा वर्षं गेली होती.

दुर्बिणीतून उलट पाहणारा माणूस

या सगळ्यात बर्लिनचा सामान्य माणूस कुठे होता? प्रदर्शन पाहायला. १८९६ च्या उन्हाळ्यात ट्रेप्टो बागेत मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. त्याच्या एका भागात वसाहतींतून आणलेली १०६ माणसं ठेवली होती. खोट्या झोपड्यांपुढे त्यांनी 'नेहमीचं जीवन' करून दाखवायचं, लोकांनी तिकीट काढून बघायचं. कॅमेरूनहून आलेले काहीजण घरी सुटाबुटात वावरणारे, शिकलेले होते. त्यांना इथे प्रेक्षकांना हवा तसा 'रानटी' वेष करायला सांगितलं गेलं. अनेकांनी नकार दिला. क्वेले एनडुम्बे नावाच्या माणसाने तर नाटकगृहात वापरतात तशी छोटी दुर्बीण विकत घेतली आणि तो प्रेक्षकांकडे बघत बसायचा.

ट्रेप्टोच्या स्थानिक संग्रहालयात २०१७ पासून या १०६ जणांवरचं प्रदर्शन मांडलं आहे. तिथे त्यांची नावं आहेत, ते कुठून आले, पुढे काय झालं हे आहे. त्यांतले काही बर्लिनमध्येच राहिले, त्यांनी संसार केले, आणि आफ्रिकन-जर्मन समाजाची पहिली पिढी त्यांच्यातून उभी राहिली. स्मरण म्हणजे नुसतं दुःख नाही हे मला या प्रदर्शनाबद्दल वाचताना फार जाणवलं. 'बळी' म्हणून ज्यांना एका ओळीत मोजलं, त्यांना प्रत्येकाचं नाव आणि स्वभाव परत द्यायचा, हेही त्यात येतं.

रस्त्यांची पाटी

महायुद्धानंतर वसाहती गेल्या, पण त्यांची नावं बर्लिनच्या भिंतींवर राहिली. वेडिंग भागात 'आफ्रिकन वस्ती' नावाचा अख्खा भाग आहे. तिथे ल्यूडेरिट्झच्या नावाचा रस्ता होता, कॅमेरूनवर जर्मन झेंडा लावणाऱ्या नाख्टिगालच्या नावाचा चौक होता, आणि कार्ल पेटर्सच्या नावाचा मोठा रस्ता होता.

हा पेटर्स जर्मन पूर्व आफ्रिकेचा संस्थापक. किलिमांजारोजवळ त्याने आपल्या घरातल्या नोकराला आणि बळजबरीने ठेवून घेतलेल्या तरुणीला फाशी दिली होती. हे इतकं उघडं झालं की खुद्द साम्राज्याच्या सरकारला १८९७ साली त्याला नोकरीतून काढावं लागलं. नाझींनी मात्र त्याला वीर ठरवलं आणि १९३९ साली रस्त्याला त्याचं नाव आलं. युद्ध संपलं, नाझी गेले, पाटी तशीच. लोकांनी फारच आवाज उठवला तेव्हा १९८६ साली एक युक्ती काढण्यात आली : पाटी तीच ठेवून खाली छोटी पट्टी लावली, की हा रस्ता आता हान्स पेटर्स यांच्या नावाचा आहे. हान्स पेटर्स हे नाझींना विरोध करणारे कायदेपंडित. सज्जन माणूस, पण त्यांना दुसऱ्याच्या जागी उभं केलं. अन्याय मान्यही करायचा नाही आणि वादही मिटवायचा, तर काय करतात, याचा हा नमुना.

खरा बदल व्हायला अजून बरीच वर्षं लागली. २०१० साली ग्र्यॉबेनच्या नावाचा नदीकाठ आफ्रिकन-जर्मन कवयित्री माय आयिम यांच्या नावाचा झाला. २ डिसेंबर २०२२ रोजी ल्यूडेरिट्झच्या रस्त्याला शार्क बेटावर मेलेल्या कॉर्नेलियस फ्रेडरिक्स यांचं नाव मिळालं, आणि नाख्टिगालचा चौक एमिली आणि रुडॉल्फ मांगा बेल या दांपत्याचा झाला. रुडॉल्फ मांगा बेल कॅमेरूनच्या दुआला लोकांचे राजे. जर्मनीत शिकलेले. लोकांना त्यांच्या घरादारातून हुसकावू नका, असा अर्ज त्यांनी रीतसर जर्मन संसदेकडे केला. उत्तरादाखल ८ ऑगस्ट १९१४ रोजी त्यांना राजद्रोहाच्या आरोपावरून फाशी दिलं. कायद्याच्या वाटेने गेलेल्या माणसाचं हे झालं.

पेटर्सच्या रस्त्याचं नाव २३ ऑगस्ट २०२४ रोजी बदललं; एका भागाला नामिबियाच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या आना मुनगुंडा यांचं, दुसऱ्याला माजी-माजीचं. त्यानंतर बरोबर वर्षाने, २३ ऑगस्ट २०२५ रोजी, शहराच्या मध्यवर्ती भागात एका रस्त्याचं कृष्णवर्णीयांना हिणवणारं जुनं नाव जाऊन आंटोन विल्हेल्म आमो यांचं नाव लागलं. आमो आजच्या घानातले. लहानपणी जहाजातून आणून एका जर्मन सरदाराला 'भेट' दिलेले. पुढे ते हाले आणि येना या विद्यापीठांत तत्त्वज्ञान शिकवू लागले, तेही १७३०च्या दशकात. दोन्ही वेळा २३ ऑगस्टच निवडला याला कारण आहे. १७९१ साली २२-२३ ऑगस्टच्या रात्री आजच्या हैतीमध्ये गुलामांनी उठाव सुरू केला, म्हणून युनेस्कोने तो दिवस गुलामांचा व्यापार आणि त्याचा अंत यांच्या स्मरणासाठी ठरवला आहे. संयुक्त राष्ट्रांचा असाच दुसरा दिवस २५ मार्च.

नावबदलाला विरोध झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आमोंच्या नावाची पाटी तर शेवटच्या क्षणापर्यंत कोर्टात अडकली होती. रहिवासी म्हणत, पत्ते बदलावे लागतील, कागदपत्रं बदलावी लागतील, आणि नाव पुसल्याने इतिहासही पुसला जातो. पहिली अडचण खरी आहे. दुसरी मला पटत नाही. रस्त्याचं नाव हा धडा नसतो, मान असतो. पेटर्सचा इतिहास पुस्तकात, संग्रहालयात राहील आणि राहावाच, पण टांझानियाहून आलेल्या माणसाने आपल्या पत्त्यात त्याचं नाव का लिहावं?

आणि मग आजचे बळी

मोर्चातला तिसरा भाग अनेकांना खटकतो. वसाहती जाऊन शंभर वर्षं झाली, आजच्या गुन्ह्यांचं खापर त्यांच्यावर कशाला?

आमादेउ आंतोनियो कियोवा अंगोलाचे, वय २८, पूर्व जर्मनीत करारावर काम करायला आलेले. २४ नोव्हेंबर १९९०च्या रात्री बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे शहरात पन्नासेक तरुणांचा जमाव काळ्या माणसांना मारायला निघाला. साध्या वेषातले पोलीस जवळ होते, ते मधे पडले नाहीत. कियोवा शुद्धीवर आलेच नाहीत, ६ डिसेंबरला गेले. त्यांचं मूल त्यानंतर काही आठवड्यांनी जन्मलं. आरोपींना झालेली जास्तीत जास्त शिक्षा चार वर्षांची. त्यांच्या नावाने चालणारी संस्था आज जर्मनीत वंशद्वेषाविरुद्ध काम करते. जून २००० मध्ये देसाउ या जर्मन शहरातल्या बागेत मोझांबिकचे आल्बेर्तो आद्रियानो यांना तीन नवनाझींनी मारलं. त्याच देसाउत ७ जानेवारी २००५ रोजी सिएरा लिओनचे ऊरी जाल्लो पोलीस कोठडीत, गादीला हातपाय बांधलेल्या स्थितीत जळून मेले. आग कशी लागली याचं समाधानकारक उत्तर त्यांच्या कुटुंबाला आजही मिळालेलं नाही, आणि दर ७ जानेवारीला तिथे लोक जमतात.

या मारेकऱ्यांनी बर्लिन परिषदेचा करार वाचला होता असं कुणी म्हणत नाही. पण काळा माणूस दिसला की 'हा इथला नाही, याच्या जिवाची किंमत कमी' हे मनात आपोआप येतं, ते कुठून आलं? डाग देण्याच्या लोखंडातून, ट्रेप्टोच्या तिकिटातून, मोजलेल्या कवट्यांतून. शाळेत त्याविषयी शिकवलं नाही, रस्त्यांवर उलट मारणाऱ्यांचीच नावं राहिली, म्हणून ते तसंच वाहत आलं. मोर्चा तिघांसाठी एकच असतो तो यासाठी.

नाशिकचा एक धागा

गुलामांचा व्यापार फक्त अटलांटिकमध्ये नव्हता. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रातून माणसं नेली जात, आणि एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमाराने असली गलबतं पकडली की सोडवलेल्या मुलांना अनेकदा मुंबईत उतरवलं जाई. त्यांतली बरीच मुलं नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. आजचा शरणपूर रोड त्याच वस्तीच्या नावाचा. १८७३ साली स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचं शव शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत नाशिकला शिकलेले जेकब वेनराइट होते. लंडनला शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही ते होते. पुढे नाशिकच्या अनेकांना मोंबासाजवळ वसवलेल्या फ्रेअरटाउनला नेण्यात आलं. गावाचं नाव मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर याचं. मुलांची मूळ नावं मात्र बहुतेक हरवली, मिशनने दिलेलीच उरली. नाशिककरांना शरणपूर रोडची ही बाजू माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

माफी, पैसे आणि कुणाशी बोलायचं

जर्मन सरकारने २८ मे २०२१ रोजी नामिबियातल्या हत्याकांडाला 'आजच्या दृष्टीने नरसंहार' म्हटलं आणि तीस वर्षांत १.१ अब्ज युरो द्यायची तयारी दाखवली. हे पैसे विकासकामांच्या नावाने आहेत. नुकसानभरपाई हा शब्द सरकारने कटाक्षाने टाळला. कारण तो वापरला की कायदेशीर जबाबदारी येते आणि इतर वसाहतींचेही दावे उभे राहतात. हेरेरो आणि नामा यांच्या पारंपरिक नेत्यांची मुख्य तक्रार पैशांच्या रकमेपेक्षा वेगळी आहे. वाटाघाटी दोन सरकारांत झाल्या, ज्यांचे पूर्वज मेले त्यांना स्वतंत्र पक्ष म्हणून बसवलं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे दोन सरकारांतल्या या कराराचा मसुदा वर्षानुवर्षं रखडला. कवट्यांपैकी काही २०११, २०१४ आणि २०१८ साली परत गेल्या. नामिबियाने २०२५ पासून २८ मे हा राष्ट्रीय नरसंहार स्मरणदिन ठरवला, कारण १९०७ साली त्या दिवशी छावण्या बंद करण्याचा आदेश निघाला होता.

बर्लिनमध्ये आता मराठी कुटुंबं बरीच आहेत, शिकायला जाणारी मुलंही. त्यांनी निदान तीन जागा पाहाव्यात. भुयारी रेल्वेच्या यू-६ मार्गावर आफ्रिकानिशे श्ट्रास स्थानकाला उतरलं की वेडिंगमधली ती नवी नावं चालत पाहता येतात. ओबरबाउम पुलाजवळ माय आयिम यांचा नदीकाठ आहे. आणि नॉयक्योल्नमधल्या कोलुंबियाडाम रस्त्यावरच्या जुन्या दफनभूमीत एक दगड आहे : नामिबियात लढताना मेलेल्या सात जर्मन सैनिकांच्या सन्मानार्थ. त्याच्यापुढे जमिनीत २००९ साली तिथल्या बळींसाठी एक फलक बसवला. त्यावर 'वसाहतयुद्ध' असा उल्लेख आहे, 'नरसंहार' हा शब्द नाही, आणि तो यावा म्हणून संघटना अजून भांडत आहेत.